जर्मनीतील विद्यार्थिजीवन

जर्मनीत उच्च शिक्षण घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आज सर्वांत मोठा गट भारतीयांचा आहे. २०२२-२३च्या हिवाळी सत्रात भारतीयांनी चिनी विद्यार्थ्यांना प्रथमच मागे टाकले आणि पुढच्याच वर्षी त्यांची संख्या ४९ हजारांवर गेली. त्यांतले निम्म्याहून अधिक अभियांत्रिकीच्या शाखांत शिकतात. पुणे परिसरातून हा ओघ मोठा असण्याला स्थानिक कारणेही आहेत. पुण्यात मॅक्स म्युलर भवनामुळे जर्मन भाषा शिकण्याची परंपरा जुनी आहे, आणि चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात मर्सिडीझ-बेंझ, फोक्सवॅगन यांसारख्या जर्मन वाहन कंपन्या किंवा त्यांचे पुरवठादार असल्याने मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला तो देश अनोळखी वाटत नाही. या कंपन्या येण्याआधीही मराठी विद्यार्थी तिकडे जात होतेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमध्ये शिकत असतानाच १९२१ साली बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते. इरावती कर्वे १९२८मध्ये बर्लिनला गेल्या आणि मानववंशशास्त्रात तिथली डॉक्टरेट घेऊन परतल्या.

जर्मन विद्यापीठ शिकवते आणि परीक्षा घेते. राहण्याची सोय, जेवण, विमा, सरकारी नोंदणी, इतकेच काय परीक्षेचा अर्ज वेळेवर भरणे, ही सगळी जबाबदारी विद्यार्थ्याची. हजेरी कमी पडली म्हणून घरी पत्र जात नाही आणि अर्ज राहिला तर कुणी आठवण करत नाही. शिक्षण स्वस्त आणि स्वातंत्र्य भरपूर, पण प्रत्येक गोष्ट ज्याची त्याने निस्तरायची, हीच तिथल्या विद्यार्थिजीवनाची घडी आहे.

प्रवेश आणि पैसा

भारतातले बहुतेक विद्यार्थी पदवी मायदेशी घेऊन मास्टर्ससाठी जर्मनीला जातात, त्याचे कारण प्रवेशाच्या नियमांत आहे. नुसत्या बारावीच्या गुणांवर तिथे थेट पदवीला प्रवेश मिळत नाही. जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण होणे, भारतातल्या विद्यापीठात किमान एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण करणे किंवा ‘श्टुडिएनकोलेग’ हा वर्षभराचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करणे, यांपैकी एखादी वाट धरावी लागते. नोव्हेंबर २०२२पासून भारतीय अर्जदारांना ‘एपीएस’ प्रमाणपत्रही सक्तीचे झाले आहे. गुणपत्रिका आणि पदव्या खऱ्या असल्याची पडताळणी करून ते दिले जाते. त्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही.

शिक्षण हा जर्मनीत राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. ज्या राज्यांनी सरकारी विद्यापीठांत सर्वसाधारण फी लावली होती, त्या सर्वांनी २०१४पर्यंत एकेक करून ती रद्द केली. शेवटचे राज्य नीडरझाक्सन. मात्र ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे वाक्य आता सरसकट खरे नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य २०१७पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेते, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४च्या हिवाळी सत्रापासून अशा विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमानुसार सत्राला २,००० ते ६,००० युरो फी लावली आहे. इतर बहुतेक सरकारी विद्यापीठांत फक्त सत्रशुल्क भरावे लागते. ते साधारण १०० ते ४०० युरोंच्या दरम्यान असते आणि त्यात विद्यार्थी संघटना, भोजनगृह व पुष्कळदा स्थानिक प्रवासाचा पास यांचा वाटा असतो.

फी नसली तरी राहण्याखाण्याचा खर्च असतोच, आणि तो झेपेल याची खात्री सरकार आधीच करून घेते. विद्यार्थी ज्याला ‘ब्लॉक्ड अकाउंट’ म्हणतात, त्या खात्यात वर्षभराची रक्कम अगोदर भरावी लागते. सप्टेंबर २०२४पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. जर्मनीत पोहोचल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरोच मिळतात. पैसे स्वतःचे असले तरी ते एकरकमी काढता येत नाहीत. शिक्षणासाठी कर्ज काढलेल्या घरांत हीच रक्कम सर्वांत जड जाते. याखेरीज आरोग्यविमा बंधनकारक आहे. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारमान्य विमा सवलतीच्या दरात मिळतो. २०२५ साली त्याचा हप्ता महिन्याला १४० युरोंच्या थोडा वर होता. या विम्यावर डॉक्टरकडे तपासणी आणि रुग्णालयातले उपचार यांचे बिल सहसा थेट विमा संस्थेकडे जाते; रुग्णाला औषधाच्या चिठ्ठीमागे थोडी रक्कम द्यावी लागते.

पहिले आठवडे: पत्ता आणि कागद

विमानतळावरून सामान घेऊन बाहेर पडल्यावर विद्यार्थ्याला सगळ्यात आधी हवा असतो तो पत्ता. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात जाऊन निवासाची नोंद करावी लागते. हा नियम परदेशी माणसांप्रमाणेच जर्मन नागरिकांनाही लागू आहे. नोंदणीसाठी पासपोर्टबरोबर घरमालकाचे सहीचे पत्र लागते. नोंदणी झाली की करक्रमांक टपालाने घरी येतो आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्यासाठी अर्ज करता येतो. तेव्हा पत्ता नसेल तर पुढचे सगळेच घोडे अडते. मोठ्या शहरांत या कार्यालयांची अपॉइंटमेंट आठवडेच्या आठवडे मिळत नाही. म्हणून जाणकार विद्यार्थी भारतातून निघण्यापूर्वीच ती ऑनलाइन ठरवून ठेवतात.

इथे एक बारीकशी गोष्ट नवख्याच्या हमखास नजरेतून सुटते. जर्मनीत इमारतीतल्या घरांना बहुधा क्रमांक नसतात. दारावरची घंटा आणि खाली ओळीने लावलेल्या टपालपेट्या यांवर आडनावे असतात आणि पोस्टमन त्यावरूनच पत्र टाकतो. खोली घेतली, नोंदणी केली, पण पेटीवर आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवली नाही, तर बँकेचे कार्ड, विम्याचे कार्ड आणि करक्रमांकाचे पत्र असे सगळेच आल्या पावली परत जाते. मोबाइल ॲपच्या काळातही जर्मन बँका, विमा संस्था आणि सरकारी कार्यालये महत्त्वाच्या गोष्टी टपालानेच कळवतात. त्यामुळे रोज पेटी उघडून पाहणे आणि आलेला प्रत्येक कागद फायलीला लावणे ही सवय पहिल्या महिन्यातच अंगवळणी पडते. अशाच एका पत्रातून प्रसारण शुल्काची मागणी येते. घरात टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरो भरावेच लागतात. एका घरात चौघे राहत असतील तर एकाने भरून बाकीच्यांनी वाटून घेतले तरी चालते.

घर आणि घरातले नियम

राहण्याचा सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे ‘श्टुडिएरेंडेनवेर्क’ या संस्थांची वसतिगृहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या टंचाईत विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या मदतीसाठी उभ्या केलेल्या मंडळांतून या संस्था वाढल्या. आज त्या ५७ असून वसतिगृहे, भोजनगृहे आणि सल्ला केंद्रे चालवतात. त्यांच्याकडे दोन लाखांच्या जवळपास खोल्या आहेत, पण देशातले विद्यार्थी त्याच्या कितीतरी पट. म्हणून प्रवेशपत्र हाती येताच अर्ज करूनही कित्येकांना एक-दोन सत्रे वाट पाहावी लागते. म्युनिक, हॅम्बुर्ग, बर्लिन, फ्रँकफर्ट इथे टंचाई अधिक. पूर्वेकडच्या केमनिट्स, माग्डेबुर्ग अशा शहरांत खोली लवकर आणि कमी भाड्यात मिळते. ब्लॉक्ड अकाउंटमधले ९९२ युरो केमनिट्समध्ये नीट पुरतात, म्युनिकमध्ये ओढाताण होते.

दुसरा पर्याय सामायिक घराचा. बोलताना सगळे त्याला ‘वेगे’ म्हणतात. तीन-चार जण एक फ्लॅट घेतात. खोली प्रत्येकाची स्वतंत्र, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामाईक. रिकाम्या खोलीसाठी नवा माणूस निवडताना जुने रहिवासी त्याला भेटायला बोलावतात, चहा-कॉफी होते, आवडीनिवडी विचारल्या जातात आणि मग निवड होते. भाड्याचे आकडे पाहताना ‘थंड’ आणि ‘गरम’ हा फरक कळणे आवश्यक असते. थंड भाडे म्हणजे निव्वळ खोलीचे, तर गरम भाड्यात हीटिंग, पाणी, कचरा यांचा खर्च धरलेला असतो. अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या थंड भाड्याहून अधिक घेता येत नाही. टंचाईमुळे फसवणुकीलाही ऊत आला आहे. खोली न दाखवता, मालक परदेशात असल्याचे सांगून आधी पैसे मागणारी जाहिरात ही बहुतेक वेळा लबाडीच असते.

घर मिळाल्यावर घराचे नियम येतात. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची. रविवारी दिवसभर ड्रिल मशीन किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही. सामायिक घरात फ्रिजवर साफसफाईचे वेळापत्रक लावलेले असते आणि आठवड्याला पाळी बदलते. स्टुटगार्टच्या परिसरात तर इमारतीचा जिना आणि पुढचा फूटपाथ झाडण्याचीही आठवड्याची पाळी असते. हिवाळ्यात खोली बंद ठेवून हीटर चालवला की भिंतींना बुरशी धरते. म्हणून दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटे खिडक्या सताड उघडायच्या, हे अनेक भाडेकरारांत लिहिलेले असते. कचरा चार-पाच भागांत वेगळा करावा लागतो: ओला कचरा, कागद, प्लॅस्टिक-धातूची वेष्टने, काचा आणि उरलेला. काचेच्या बाटल्याही पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी अशा रंगांनुसार वेगवेगळ्या टाकीत टाकायच्या, आणि आवाज होतो म्हणून रविवारी टाकायच्या नाहीत. भारतीय स्वयंपाकाची खरी गाठ पडते ती छतावरच्या धूरसूचक यंत्राशी. मिरच्यांची खमंग फोडणी दिली आणि एक्झॉस्ट लावायचा राहिला, तर यंत्र कोकलू लागते. काही वसतिगृहांत ते थेट अग्निशमन दलाशी जोडलेले असते आणि खोट्या सूचनेचा भुर्दंड विद्यार्थ्यावर पडू शकतो.

विद्यापीठातले वर्ष

जर्मनीतले शैक्षणिक वर्ष दोन सत्रांचे असते. हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी सत्र १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. उपयोजित विज्ञानांची विद्यापीठे महिनाभर आधी सुरू होतात. प्रत्यक्ष व्याख्याने मात्र ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आणि एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतच चालतात. मधला काळ कागदोपत्री ‘व्याख्यानरहित’ असतो. त्याला सुट्टी समजणारा फसतो, कारण परीक्षा, प्रकल्प, निबंध आणि इंटर्नशिप या सगळ्यांचा मुहूर्त त्याच काळात असतो.

१९९९च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर युरोपभर पदव्यांची रचना सारखी करण्यात आली, तीच इथेही आहे. अभ्यासाचे माप श्रेयांकांत मोजतात. एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम धरलेले असते आणि सत्राला ३० श्रेयांक अपेक्षित असतात. दोन वर्षांच्या मास्टर्सला १२० श्रेयांक लागतात, त्यांतले साधारण ३० शेवटच्या प्रबंधाचे. या हिशेबात वर्गात बसण्याचे तास थोडे आणि स्वतः वाचण्या-सोडवण्याचे तास जास्त असतात. त्यामुळे ग्रंथालय हेच विद्यार्थ्याचे दुसरे घर होते. काही ग्रंथालये, उदाहरणार्थ कार्ल्सरूहच्या केआयटीचे, चोवीस तास उघडी असतात.

वेळापत्रकात दहाचा तास लिहिलेला असला तरी व्याख्यान सव्वादहाला सुरू होते. वेळेपुढे ‘सी. टी.’ ही लॅटिन आद्याक्षरे असली तर पाव तासाची ही सवलत गृहीत असते, ‘एस. टी.’ असेल तर ठोक्याला. व्याख्यान संपल्यावर टाळ्या न वाजवता विद्यार्थी बाकांवर बोटांच्या पेरांनी टकटक करतात. प्राध्यापकाला प्रश्न विचारण्यासाठी आठवड्यातली ठरावीक वेळ असते आणि ईमेलमध्ये त्याचा उल्लेख पदवी व आडनावाने करतात.

गुणांची पद्धत भारताच्या उलटी आहे. १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास आणि ५.० नापास. परीक्षेला बसायचे तर आधी संकेतस्थळावर नाव नोंदवावे लागते. मुदत चुकली की ती परीक्षा त्या सत्रापुरती गेली. नापास झाल्यास बहुधा एकूण तीन संधी मिळतात. सक्तीच्या विषयात शेवटची संधीही हुकली, तर तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही पुढे चालवता येत नाही. म्हणून तयारी कच्ची असेल तर मुदतीत नाव मागे घेणे शहाणपणाचे समजतात. भारतातल्या सबमिशन आणि टर्मवर्कच्या चाकोरीतून आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्रात हीच गोष्ट सर्वांत जड जाते. वर्षभर कुणी विचारत नाही आणि सगळा निकाल एका नव्वद मिनिटांच्या पेपरवर लागतो.

जेवणखाण

दुपारचे जेवण म्हणजे ‘मेन्झा’, अर्थात विद्यापीठाचे भोजनगृह. साडेअकरा ते दोनच्या दरम्यान तिथे रांगा लागतात. एकाच पदार्थाचे तीन दर असतात: विद्यार्थ्यांना सर्वांत कमी, कर्मचाऱ्यांना त्याहून जास्त आणि पाहुण्यांना सर्वाधिक. विद्यार्थ्याला साधारण तीन ते पाच युरोंत पोटभर जेवण मिळते. पैसे ओळखपत्रावरच भरून ठेवता येतात. रोज निदान एक शाकाहारी किंवा व्हीगन पदार्थ असतो, पण मसाला बेताचा आणि बटाटा फार.

रात्रीचा स्वयंपाक घरी. शाकाहारी मुलांच्या सोयीची मसूर डाळ जर्मन सुपरमार्केटातही मिळते. कोथिंबिरीची मोठी जुडी, हिरव्या मिरच्या, भेंडी यांसाठी तुर्की किंवा अफगाणी दुकान गाठावे लागते, आणि पोहे, तूरडाळ, गोडा मसाला यांसाठी भारतीय दुकान. हळूहळू स्थानिक वस्तूंची पारख होते. गव्हाच्या पिठाच्या पुड्यावर क्रमांक असतो. ४०५ क्रमांकाचे पीठ मैद्यासारखे, तर १०५० क्रमांकाचे पोळ्यांना बरे. बटाट्याच्या पिशवीवरही तो शिजल्यावर घट्ट राहील की पिठूळ होईल हे छापलेले असते, आणि बटाटेवड्याला पिठूळच लागतो. क्वार्क नावाचा घट्ट दह्यासारखा पदार्थ चक्क्याच्या जागी वापरून श्रीखंड करणे हा तर तिथल्या मराठी घरांतला रूढ प्रकार झाला आहे.

बाटल्यांचा हिशेब हा सुपरमार्केटच्या फेरीचा भाग असतो. पाणी किंवा शीतपेयाची एकदाच वापरायची प्लॅस्टिक बाटली किंवा कॅन घेताना २५ सेंट अनामत द्यावी लागते. पुन्हा वापरायच्या बाटल्यांना ८ किंवा १५ सेंट. दुकानाच्या दाराशी भिंतीत बसवलेल्या यंत्राच्या गोल तोंडात बाटली आडवी सरकवायची. आत ती फिरते, लेबलवरची खूण वाचली जाते आणि पडद्यावर आकडा वाढतो. चेपलेली बाटली यंत्र बाहेर ढकलते. शेवटी बटण दाबले की चिठ्ठी येते आणि ती काउंटरवर दिली की बिलातून तेवढी रक्कम वजा होते. महिनाभर साठवलेल्या बाटल्यांत आठवड्याचे दूध-पाव सुटतात.

काम आणि कमाई

युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. मार्च २०२४पूर्वी ही मर्यादा १२० आणि २४० दिवसांची होती. विद्यापीठातच साहाय्यक म्हणून केलेले काम या मर्यादेत धरले जात नाही. अशा साहाय्यकाला ‘हिवी’ म्हणतात. प्रयोगशाळेत मोजमाप घेणे, प्रोग्राम लिहिणे, धाकट्या विद्यार्थ्यांच्या वह्या तपासणे अशी ती कामे असतात. पगार बेताचा, पण प्राध्यापकांशी ओळख होते आणि पुढे प्रबंधाचा विषयही त्यातून मिळतो. अभियांत्रिकीचे विद्यार्थी कंपन्यांत सत्रकाळात आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करतात. जर्मन येत नसणाऱ्यांना गोदाम, उपाहारगृहाचे स्वयंपाकघर किंवा घरपोच डिलिव्हरी एवढेच पर्याय उरतात.

किमान वेतन सर्वांना सारखेच लागू आहे. जानेवारी २०२६पासून ते तासाला १३.९० युरो झाले. आठवड्याला दहा-बारा तास काम केले तर खोलीचे भाडे निघते. पूर्ण खर्च कमाईतून भागवायचा म्हटले की अभ्यास मागे पडतो आणि सत्रे लांबतात. इंग्रजीतून मास्टर्स करणाऱ्यांनी जर्मन शिकणे का टाळू नये, याचे उत्तरही इथेच आहे. वर्ग इंग्रजीत असला तरी सरकारी कार्यालय, घरमालक, दवाखाना आणि छोट्या कंपन्यांतल्या मुलाखती जर्मनमध्येच चालतात.

आठवडा आणि ऋतू

रविवारी दुकाने बंद असतात. अपवाद मुख्यतः रेल्वे स्थानकातली दुकाने, पेट्रोल पंप आणि सकाळचे काही तास उघडणाऱ्या बेकऱ्या. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी सुपरमार्केटात गर्दी उसळते. रविवार चालणे, सायकल चालवणे, कपडे धुणे आणि घरी फोन यांत जातो. भारताशी वेळेचा फरक हिवाळ्यात साडेचार तासांचा आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचा असतो, कारण मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतली जातात.

ऋतूचा परिणाम मनावरही होतो. डिसेंबरात बर्लिनमध्ये चारच्या सुमाराला सूर्य मावळतो. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नव्याने आलेल्यांना सर्वांत एकटेपणाचा काळ. विद्यार्थी संस्थांची मोफत समुपदेशन केंद्रे, विद्यापीठाच्या क्रीडा विभागातले स्वस्त वर्ग आणि नाताळआधीचे चार आठवडे भरणारे बाजार यांचा तेव्हा आधार होतो. मोठ्या शहरांत मराठी मंडळेही आहेत. त्यांच्या गणेशोत्सवात आणि दिवाळीत मोदक-फराळासोबत खोली, नोकरी आणि कार्यालयांची ताजी माहितीही मिळते.

प्रवास

शहरातल्या शहरात सायकल, ट्राम आणि बस. म्युन्स्टर, फ्रायबुर्ग, ग्योटिंगेन ही विद्यापीठांची गावे सायकलींसाठी प्रसिद्ध आहेत. सायकलला पुढे-मागे दिवा लागतो. दिवा नसेल किंवा लाल सिग्नल तोडला तर पोलीस दंड करतात.

लांबच्या प्रवासाचे गणित १ मे २०२३ रोजी बदलले. त्या दिवशी ‘डॉइचलांडटिकेट’ हा देशभर चालणारा मासिक पास ४९ युरोंना सुरू झाला. २०२५मध्ये त्याची किंमत ५८ आणि २०२६मध्ये ६३ युरो झाली. ज्या विद्यापीठांनी विद्यार्थ्यांसाठी सामूहिक करार केला आहे, तिथे तो मूळ किमतीच्या ६० टक्क्यांत मिळतो आणि पैसे सत्रशुल्कातच जातात. या पासावर देशातल्या सर्व शहरी बस-ट्राम आणि प्रादेशिक रेल्वेगाड्या चालतात. आयसीई, आयसी या जलद गाड्या मात्र चालत नाहीत. म्हणजे वेळ हाताशी असेल तर देश जवळजवळ फुकटात पाहता येतो. म्युनिकहून फ्युसेनला दोन तासांत पोहोचून नॉयश्वानश्टाइनचा किल्ला बघणे, ड्रेस्डेनहून एल्बे नदीकाठच्या बास्टाय कड्यांवर चढणे हे त्यामुळे शनिवारचे कार्यक्रम झाले आहेत. पास सरहद्दीपलीकडच्या साल्झबुर्ग स्थानकापर्यंतही चालतो. केलपर्यंत गेले की तिथून ट्राम ऱ्हाइन ओलांडून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला नेते, तिचे तिकीट मात्र निराळे. आखेनच्या विद्यार्थ्यांना जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम जिथे मिळतात ती टेकडी तर गावाच्या वेशीवरच आहे.

जलद गाडीचे तिकीट महिना-दोन महिने आधी काढले तर स्वस्त पडते. पण जर्मन रेल्वे वक्तशीर असते हा समज आता खरा उरलेला नाही. २०२४मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के वेळेवर पोहोचल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तर त्यात उशीर धरलेलाच नाही. गाडी बदलण्यासाठी हाताशी सात-आठच मिनिटे असलेला प्रवास म्हणूनच टाळावा. मुक्कामी एक तास उशिरा पोहोचल्यास भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तास उशीर झाल्यास ५० टक्के रक्कम परत मागता येते. पर्याय म्हणजे बस. लांब पल्ल्याच्या बससेवेवरची जुनी बंधने २०१३च्या आरंभी उठली आणि त्याच वर्षी फ्लिक्सबस सुरू झाली. रात्रीच्या बसने गेले की एका मुक्कामाचे पैसे वाचतात. राहायला युवा वसतिगृहे आहेत. ही कल्पनाच मुळी जर्मन. रिशार्ड शिरमान या शिक्षकाने ती १९०९मध्ये मांडली आणि आल्टेनाच्या किल्ल्यात तिला पहिले कायमचे घर मिळाले.

जर्मनीचा निवास परवाना असलेल्या विद्यार्थ्याला शेंगेन क्षेत्रातल्या इतर देशांत वेगळा व्हिसा न काढता १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येते. २०२५च्या आरंभी बल्गेरिया आणि रुमानिया पूर्णपणे सामील झाल्यावर या क्षेत्रात २९ देश झाले. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत. सप्टेंबर २०२४पासून जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली असल्याने पासपोर्ट आणि परवाना दोन्ही मूळ स्वरूपात जवळ ठेवावे लागतात; मोबाइलमधला फोटो चालत नाही. युरोपात अधिकृत निवास असलेल्याला राष्ट्रीयत्व न पाहता इंटररेल हा १९७२पासूनचा रेल्वे पास मिळतो. शिक्षणाच्या निमित्ताने प्रवास करायचा असेल तर इरास्मस योजना आहे. १९८७मध्ये सुरू झालेल्या या योजनेतून जर्मन विद्यापीठात नाव असलेला भारतीय विद्यार्थीही एक सत्र स्पेन किंवा फिनलंडमध्ये शिष्यवृत्तीसह शिकू शकतो.

सत्राची रचना पाहूनच फिरण्याचा बेत आखावा लागतो. नाताळचे दोन आठवडे गाड्या भरलेल्या आणि तिकिटे महाग असतात. मार्च आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये परीक्षा उरकल्या असतील तर सवड मिळते. मे महिन्यात जोडून येणाऱ्या सुट्ट्यांत बहुतेक जण एक दिवस रजा टाकून चार दिवसांचा प्रवास साधतात.

शिक्षण संपताना

प्रबंध जमा करून गुणपत्रिका मिळाली की विद्यापीठातले नाव कमी होते आणि त्याबरोबर स्वस्त विमा, प्रवासाचा पास, मेन्झाचा दर आणि वसतिगृहातली खोली या सवलतीही संपतात. जर्मनीत नोकरी शोधायची असेल तर १८ महिन्यांपर्यंतचा परवाना मिळतो आणि त्या काळात कोणतेही काम करता येते. परतायचे असेल तर नगरपालिकेतली निवासाची नोंद रद्द करणे, विमा आणि प्रसारण शुल्क बंद करणे, मोबाइलचा करार मुदतीआधी लेखी नोटीस देऊन थांबवणे आणि खोली रंगवून-पुसून मालकाच्या ताब्यात देणे ही कामे असतात. खोलीची पाहणी करून दोघांच्या सह्यांचा कागद होतो आणि त्यावरून अनामत परत मिळते. ती यायला काही महिने लागू शकतात. म्हणून बँकेचे खाते सर्वांत शेवटी बंद करावे.